पंखा उतरवण्याआधी

छताचा पंखा एका दिवसात बिघडत नाही. तो महिनोन् महिने थोडा थोडा मंदावतो, रेग्युलेटर तीनवरून चारवर आणि चारवरून पाचवर सरकतो, आणि पाचवरही वारा लागेना झाला की कुणाच्या तरी लक्षात येतं. तोवर घरघरही सुरू झालेली असते. मग सुटीचा दिवस बघून शिडी येते, पाने-पक्कड येते आणि पंखा सरळ खाली उतरवला जातो. पहिली चूक हीच. फरशीवर पडलेला पंखा काही सांगत नाही. तो सुरू होताना, फिरताना आणि थांबताना बोलतो, म्हणून या दुरुस्तीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास शिडी न लावता खाली उभं राहून घालवायचा असतो. कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे चार तास तोच वाचवतो.

इथे लिहिलेलं सगळं कपॅसिटरवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पंख्याबद्दल आहे. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या, पंख्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, त्याची दुखणी वेगळी. बेअरिंग तेवढी दोघांचीही झिजतात.

खाली उभं राहून तीन गोष्टी बघायच्या. पंखा पूर्ण वेगावर दहा मिनिटं चालू द्यावा, मग बटण बंद करून तो थांबेपर्यंत बघत राहावं. बंद केल्यावर बराच वेळ निवांत गरगरत राहिला, तर फिरण्याला अडथळा नाही. वेग कमी आहे तो विजेच्या बाजूने. काही सेकंदांतच जड होऊन थांबला, तर बेअरिंग आवळलंय. दुसरी गोष्ट आवाजाची. बटण बंद करताक्षणी आवाज गेला तर तो विजेचा आवाज, म्हणजे रेग्युलेटर किंवा वाइंडिंग, मोटरमधली तारेची गुंडाळी. वीज गेल्यावरही फिरता फिरता घरघर चालूच राहिली तर तो लोखंडाचा आवाज. तिसरी गोष्ट सुरुवातीची. बटण दाबल्यावर पंखा नुसता घुमतो, जागचा हलत नाही, आणि लांब लाकडी काठीने पात्याला हलका धक्का दिला की फिरायला लागतो. तोही ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला. असं झालं तर कपॅसिटर संपलाय असं जवळजवळ छातीठोकपणे म्हणता येतं.

याच वेळी घरातला दुसरा पंखाही पूर्ण वेगावर लावून बघावा. तोही मंद असेल तर दोष पंख्याचा नाही, व्होल्टेजचा आहे. या मोटरचा वेग व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. कमी दाबाच्या वेळी पंखा उघडून बसलेली माणसं सगळं काही बदलतात, आणि दाब वाढला की आपल्या हाताला गुण आला असं समजतात.

आता कपॅसिटर. जुने कारागीर त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात. मोटरच्या आत दोन वाइंडिंग असतात, एक चालवणारं, दुसरं सुरुवातीचं. दुसऱ्या वाइंडिंगला मालिकेत जोडलेला कपॅसिटर त्यातल्या प्रवाहाची वेळ पुढे सरकवतो, आणि त्या फरकामुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. १२०० मिलिमीटरच्या पंख्यात तो सहसा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, काही वेगवान पंख्यांत ३.१५ चा. त्याच्या अंगावर ४४० व्होल्ट लिहिलेलं दिसतं, कारण २३० व्होल्टच्या लाइनवरही त्याच्या दोन टोकांमधला दाब लाइनपेक्षा जास्त असतो.

हा कपॅसिटर आतून कसा संपतो ते कळलं की बरीच चिडचिड वाचते. आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा थर असतो. फिल्ममध्ये कुठे बारीक भोक पडून ठिणगी उडाली की तिथला धातू जळून जातो आणि दोष आपोआप मिटतो. कपॅसिटर स्वतःला बरं करतो, पण दर वेळी अंगातला थोडा धातू गमावून. वरून फुगलेला नाही, काळा पडलेला नाही, वास नाही, आणि मीटरवर २.५ च्या जागी १.७ दाखवतो. म्हणून ‘दिसायला तर चांगला आहे’ या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर लावायचा आणि आकडा वाचायचा. छापलेल्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे चालतं. छापल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरला की बदलावा.

बहुतेक पंख्यांत तो खालच्या वाटीत, म्हणजे रॉड मोटरला मिळतो तिथे असतो. काहींत वरच्या वाटीत, छताला लागून. दोन्हीकडे पंखा उतरवायची गरज नाही. वाटीचा स्क्रू सैल करून ती रॉडवरून सरकवायची, की झालं.

त्याआधी वीज. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण कुणी तरी कधी तरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं, आणि मग बंद पंख्यातही फेज जिवंत असतो. त्या खोलीचा एमसीबी पाडावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन पाडला की इन्व्हर्टर इमानदारीने वीज पाठवायला लागतो, हे शिडीवर असताना कळू नये. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून मग पंख्याच्या तारांना लावावा. कपॅसिटर मोटरला जोडलेला असतो तेव्हा वाइंडिंगमधून आपोआप रिकामा होतो, पण वाइंडिंग तुटलेलं असेल तर विद्युतभार धरून बसतो. म्हणून हात लावण्याआधी मुठीला प्लॅस्टिक असलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवावीत.

आणि फोटो काढावा. दोन काढावेत, एक जवळून, एक लांबून. ‘तीनच तर तारा आहेत, लक्षात राहील’ या भरवशावर उघडलेले पंखे उलटे फिरतात. खालून बघताना पंखा घड्याळाच्या उलट दिशेने फिरायला हवा, तेव्हा वारा खाली येतो. मोटरमधून तीन तारा बाहेर येतात: एक सामाईक, एक चालवणाऱ्या वाइंडिंगची, एक सुरुवातीच्या वाइंडिंगची. वीज सामाईक आणि चालवणाऱ्या वाइंडिंगच्या तारेला, कपॅसिटर चालवणाऱ्या आणि सुरुवातीच्या वाइंडिंगच्या तारांच्या मध्ये. वीज चुकून सुरुवातीच्या वाइंडिंगच्या तारेला दिली की पंखा उलटा फिरतो, मोटर जास्त तापते, वारा छताकडे जातो, आणि खाली बसलेला माणूस म्हणतो की नवा कपॅसिटरही बोगस निघाला.

फोटो नसेल तर रंगांवर विश्वास ठेवू नये, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मीटर ओहमवर लावून तिन्ही जोड्या मोजाव्यात. समजा आकडे १८०, २२० आणि ४०० आले. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन तारांमध्ये आला, कपॅसिटर त्या दोघींच्या मध्ये. उरलेली तिसरी तार सामाईक. तिच्याशी ज्या तारेचा आकडा कमी ती बहुतेक पंख्यांत चालवणाऱ्या वाइंडिंगची. दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याइतकी यायलाच हवी. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग किंवा त्याची तार तुटली आहे, आणि तिथे घरगुती काम संपलं. वाइंडिंग पुन्हा भरणं हा वेगळाच हात आहे. हे तिथल्या तिथे मान्य करणं जड जातं, कारण शिडी लावलेली असते, वाटी उघडलेली असते आणि घरातले विचारत असतात. पण दोन मिनिटांच्या मोजणीने कळलेला नकार पूर्ण मोटर खोलल्यावर कळलेल्या नकारापेक्षा फार स्वस्त पडतो.

एक मोह इथेच सांगून ठेवावा. २.५ च्या जागी ३.१५ टाकला की पंखा थोडा जोरात फिरतो, हे कुणी तरी सांगतंच. फिरतो. पण सुरुवातीच्या वाइंडिंगमधून जास्त प्रवाह जातो, मोटर तापते, घुमण्याचा आवाज वाढतो, आणि वाइंडिंगच्या तारेवरचं इनॅमल हळूहळू करपतं. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच आणावा. आणि नवा आणला की तोही लावण्याआधी मोजावा. नवा म्हणजे चांगला असं धरून चालल्यावर माणूस उरलेला सगळा पंखा संशयाने खोलत सुटतो.

कपॅसिटर बदलून वेग परत आला तर थांबावं. खरंच थांबावं. ‘उघडलंच आहे तर बेअरिंगही बघून घेऊ’ या एका वाक्याने जितके चालते पंखे बंद पाडलेत तितके धुळीने पाडले नसतील. एका वेळी एकच बदल, मग चालवून बघणं, मग पुढचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पंखा सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही; बिघडला, तर मग विचारायलाच नको.

आवाजाचं प्रकरण वेगळं आणि जास्त चिवट. त्यातही आधी फुकटची कारणं संपवावीत. पात्यांचे स्क्रू सैल झालेले असतात. वरची वाटी रॉडला किंवा छताला घासत असते. वाटीत कपॅसिटर मोकळा लोंबकळून पत्र्यावर टकटक करत असतो. पंखा ज्या बोल्टवर टांगलाय त्याचा रबरी बुश वाळून तुटलेला असतो. चारही ठिकाणी हात फिरवायला दहा मिनिटं लागतात. आणि आवाज फक्त मधल्या वेगांवर येतो, पूर्ण वेगावर नाही, असं असेल तर पंख्याला हातच लावू नये. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो, आणि कापलेल्या लाटेवर मोटर घुमते. तिथे पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवणं हाच इलाज.

तेल सोडण्याबद्दल दोन शब्द, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. पंख्याची बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेली असतात आणि आत ग्रीस कायमचं भरलेलं असतं. वरून ओतलेलं पातळ तेल झाकणाच्या फटीतून थोडं आत जातं, उरलेलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं आणि वाइंडिंगवर जाऊन धूळ धरतं. आवाज आठ-पंधरा दिवस बंद होतो, तेवढ्यात सल्ला देणाऱ्याचं नाव होतं, आणि मग घरघर आधीपेक्षा मोठी होऊन परत येते.

एवढं करून घरघर उरलीच, आणि मोटरला खालून दोन्ही हातांनी धरून वर-खाली केल्यावर ठक्क असा खेळ जाणवला, तर बेअरिंग बदलायची. आता मात्र पंखा उतरवायचा. आधी पाती काढावीत आणि मार्करने १, २, ३ असे आकडे पात्यावर आणि मोटरवरच्या त्याच्या जागेवर टाकावेत. पाती वजनाने जुळवलेली असतात, जागा बदलली की नंतर पंखा डुलायला लागतो. मग तारा सोडवाव्यात, मग वरच्या बोल्टची कॉटर पिन (बोल्ट निसटू नये म्हणून टोकाशी वाकवलेली पिन) सरळ करून ओढावी आणि बोल्ट काढावा. त्या वेळी मोटरचं वजन कुणी तरी दुसऱ्याने तोललेलं हवं. छतातला हुक गंजून बारीक झालेला दिसला तर दुरुस्ती तिथेच थांबवून आधी हुकाचं बघावं. आणि ती कॉटर पिन परत वापरू नये. सरळ-वाकडी करून लोखंड थकतं, आणि पूर्ण पंखा तिच्या भरवशावर लटकलेला असतो.

मोटरची दोन झाकणं तीन किंवा चार लांब स्क्रूंनी एकमेकांना आवळलेली असतात. उघडण्याआधी झाकण आणि अंग यांच्यावरून आरपार एक रेघ ओढावी, म्हणजे परत त्याच जागी बसतं. इथे पहिला स्क्रू फिरत नाही. सहसा फिरतच नाही. माणूस जोर लावतो, स्क्रूड्रायव्हर घसरतो, खाच गोल होते, आणि मग तो स्क्रू ड्रिलनेच निघतो. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, गंज सोडवणारं तेल दोन थेंब टाकावं, मुठीवर हातोडीचे दोन-तीन हलके टोले द्यावेत आणि पंधरा मिनिटं दुसरं काही करावं. ही पंधरा मिनिटं वाया जात नाहीत, काम त्या वेळातही चालू असतं, फक्त आपल्या हाताने नाही. दुरुस्तीत वैताग येतो तो बहुतेक अशाच ठिकाणी, जिथे वाट बघणं हीच पायरी असते आणि आपण तिला अडथळा समजतो.

झाकण अडकलं तर कडेने गोल फिरत लाकडी हातोडीने ठोकावं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. फटीच्या आत वाइंडिंग आहे, आणि त्या तारेवरचं इनॅमल नखानेही दुखावेल इतकं पातळ असतं. एक ओरखडा, एक शॉर्ट, आणि फक्त बेअरिंगसाठी उघडलेल्या पंख्याचं वाइंडिंग जळतं.

आत बेअरिंग दोन, शाफ्टवर स्टेटरच्या (वाइंडिंग असलेल्या, न फिरणाऱ्या भागाच्या) वर एक आणि खाली एक. नंबर कडेवर कोरलेला असतो, सहसा ६२०२ किंवा ६२०१. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा ३५, जाडी ११. ६२०१ म्हणजे १२, ३२, १०. बऱ्याच पंख्यांत वर-खाली वेगवेगळी असतात, म्हणून दोन्हींचे नंबर वाचावेत, एकाचा वाचून दोन आणू नयेत. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस असेल तर रबरी. रबरी झाकण धूळ जास्त अडवतं पण किंचित जड फिरतं. पंख्याच्या मंद वेगाला आणि थोड्या ताकदीला झेडझेड बरी.

काढण्यासाठी दोन पायांचा छोटा पुलर लागतो. हातोडीने बडवूनही निघतात, पण शाफ्टचं टोक फुगतं आणि मग नवं बेअरिंग चढत नाही. वरचं बेअरिंग काढताना आणखी एक अडचण येते: तारा पोकळ शाफ्टमधूनच वर येतात. त्यामुळे आधी तारांची टोकं मोकळी करून, सरळ एकत्र धरून, बेअरिंग त्यांच्यावरून ओढून घ्यावं लागतं. पुलरचा मधला स्क्रू तारांवर टेकू नये म्हणून शाफ्टच्या तोंडाशी बाजूने खाच असलेला लोखंडी तुकडा ठेवून तारा खाचेतून बाहेर घ्याव्यात.

नवं बसवताना एकच नियम, पण तो चुकला की नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावर, झाकणाच्या घरात बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर. उलटं केलं की तो सगळा दाब मधल्या गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. आतल्या कड्याच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन, सरळ रेषेत, हलके ठोके द्यावेत. तिरकं जातंय असं वाटलं तर ढकलत राहू नये. बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी.

आणि एक लहानसा घात. अनेक मोटरांत झाकणाच्या घरात, बेअरिंगच्या मागे, लाटेसारखा वाकवलेला पातळ वॉशर असतो. तो जुन्या बेअरिंगला ग्रीसने चिकटून बाहेर येतो आणि बेअरिंगबरोबर कचऱ्यात जातो. मग नवी बेअरिंग टाकूनही वर-खाली ठक्क होतच राहतं, आणि दोष दुकानदारावर जातो. पंखा चालू होऊन आठवडा होईपर्यंत जुने भाग फेकू नयेत, हा नियम या वॉशरनेच शिकवलेला.

झाकण परत बसवताना रेघ जुळवावी आणि स्क्रू समोरासमोरचे, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने आवळावेत. रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर यांच्यातली फट एक मिलिमीटरहून कमी असते. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की झाकण तिरकं बसतं आणि रोटर आत घासतो. दर फेरीनंतर मोटर हाताने फिरवून बघावी. अचानक जड झाली तर शेवटचा फेरा उलटा.

टांगल्यावर पाती न लावता दहा मिनिटं चालवावा. आवाज नाही, दिशा बरोबर, मोटर कोमट. मग पाती आपापल्या आकड्यांवर. तरीही डुलला तर प्रत्येक पात्याचं टोक एकाच जागी आणून छतापासून अंतर मोजावं. तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ज्या पट्टीवर पातं बसतं ती हाताने किंचित वाकवावी. अंतरं सारखी असूनही डुलत असेल तर कपडे वाळत घालायचा चिमटा पात्याच्या मध्यावर, मागच्या कडेला लावून कमी वेगावर बघावं, मग दुसऱ्या पात्यावर, मग तिसऱ्यावर. ज्यावर डुलणं कमी होईल त्याच पात्यावर चिमटा आत-बाहेर सरकवत जागा शोधावी आणि चिमटा काढून तिथे वरच्या बाजूने चिकटणारं छोटं वजन लावावं. चिमटा लावलेला असताना खाली कुणी उभं राहू नये; तो सुटला तर गोफणीतल्या दगडासारखा जातो.

वाट्या बंद करण्याआधी खालच्या वाटीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावं: कपॅसिटर किती, वरचं बेअरिंग कुठलं, खालचं कुठलं, महिना आणि वर्ष, आणि तिन्ही तारांचे ओहम. पुढच्या वेळी शिडीवर दुसराच कुणी असण्याची शक्यता जास्त.